मकबऱ्यातली धाकटी कबर

मास्तर, तुमच्या चित्राचं मी काय केलं ते तुम्हालाच सांगायला हवं, कारण रागवायचा हक्क तुमचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी फौजेचे नकाशे काढायला तुम्ही तुर्कस्तानात गेला होतात आणि सुटीच्या दुपारी एका सुलतानाच्या मकबऱ्यात बसून ते जलरंगात रंगवलं होतंत. तंजावरकडच्या आपल्या शाळेत ते उलगडलंत, तेव्हा आम्ही पोरं बाकं सोडून पुढे सरकलो. निळ्या फरशांच्या भिंती, शिंपले जडवलेला कठडा, जरीच्या कापडाखाली सुलतानाची कबर, उशाशी पांढरं पागोटं. शेजारी हातभर लांबीची दुसरी, त्याच्या लेकराची. ही कशाला काढलीत, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "तिथं होती म्हणून." तिथला म्हातारा राखणदार रोज आधी तीच पुसायचा, हेही सांगितलंत. मी शाळा सोडताना चित्र मलाच दिलंत.

आता मी आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. चित्र क्वार्टरच्या पुढच्या खोलीत असतं. लहानपणी माझी मुलगी त्याला हसायची. राजा पागोटं घालूनच निजलाय, उवा होतील म्हणायची. ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि तीन महिने तांबरमला छातीच्या दवाखान्यात आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टर माझ्याकडे न बघता नर्सशी इंग्रजीत बोलले. मला इंग्रजी कळतं, हे त्यांना ठाऊक नसावं. घरी आल्यावर सगळं बायकोला सांगितलं. ती देवापुढे बसली होती. मान न वळवता म्हणाली, "घरात लेकराची कबर टांगायची आणि इथं हात जोडायचे. तुम्हाला काय हवंय, हे देवाला कळावं कसं?"

रविवारी ती दवाखान्यात गेल्यावर मी अंघोळ केली, रामाचं नाव घेतलं आणि चित्र उतरवलं. तुम्ही शिकवलेल्या रीतीनंच ओल्या कुंचल्यानं धाकट्या कबरीचा रंग उचलू लागलो. रंग निघाला, आकार राहिला. घासत गेलो तसा कागद फाटला. मागून तुकडा डकवून त्यावर निळा गालिचा रंगवला. संध्याकाळी तांबरमला गेलो तर ताप तेवढाच. नखांत निळं काय आहे, असं मुलीनं विचारलं. कारखान्यातली शाई, म्हटलं. ती हसली आणि मग खोकतच राहिली.

हा कागद टपालात न टाकता पोथीत ठेवून देतो आहे. लिहिता लिहिता तुमची क्षमा मागेन असं वाटलं होतं. पण मला मागवत नाही. पोर उठून बसणार असेल तर मी सुलतानही पुसून टाकीन, मास्तर, आणि त्या निळ्या भिंतीही.