मोतीचे वरचे दात

१७ जुलै १९८८, रविवार
सासऱ्यांच्या शेतात पाइपलाइनचा चर खणताना मोतीची कवटी निघाली. मोती म्हणजे सासरे पितांबर आबांचा लाडका बैल, चार वर्षांपूर्वी गेला. आबा ती लगेच परत पुरायला निघाले होते. मी अडवले. म्हटले, पांढरीशुभ्र करून पोळ्याला आणून देतो, ओसरीवर ठेवा. आबांनी कवटीवरची माती हाताने झटकली. मग स्वतःच्या उपरण्यात बांधून दिली. लग्नाला बारा वर्षे झाली. आबांनी माझ्या हाती काही सोपवायची ही पहिलीच वेळ. (मागे पंप दुरुस्तीला घेतला होता, तो विषय वेगळा.)

१८ जुलै
जळगाव. योजना तयार. आठ दिवस सोड्याच्या पाण्यात, मग ब्रश, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, मग ऊन. एकूण पंधरा दिवस. बी.एस्सी.चे पहिले वर्ष केलेल्या माणसाला अवघड नाही. सौ.ने विचारले, भिजवणार कशात? तिच्या धुण्याच्या टिपाडात.

९ ऑगस्ट
पेरॉक्साइडचा पहिला हात झाला. माझी बोटे पांढरी. कवटी पिवळी. प्रगती समाधानकारक.

२० ऑगस्ट
कवटी पांढरी! आबा बघतच राहतील.
दुपारी ४. भयंकर. खालच्या जबड्याला पुढे आठ दात. वरच्याला एकही नाही! पाणी बदलताना गटारात गेले, दुसरे काय. सौ.ला कळता कामा नये. ती आधी आबांची मुलगी, मग माझी बायको.

२१ ऑगस्ट
गटारात दोन तास. एक चमचा मिळाला. शेजारचे रुपचंदभाऊ विचारायला लागले, तेव्हा अंगठी पडली म्हणून सांगितले. ते बिचारे बाह्या सरसावून मदतीला उतरले. सौ.ने ऐकले. तिला वाटले, लग्नाची. ताट आपटून वाढले.

२५ ऑगस्ट
स्टेशनजवळ जीवराम कवळ्या करतो. त्याला खालच्यांचे माप देऊन वरचे आठ सांगितले, जरा मोठ्या साइजचे. पेशंटचे वय विचारले. चौदा म्हटले. त्याने पेन खाली ठेवला. जास्त पैसे कबूल केल्यावर उचलला.

४ सप्टेंबर
दात बसवले. मोती जिवंत असताना इतका रुबाबदार दिसला नसेल. सौ.ला दाखवली नाही. सरप्राइज.

१० सप्टेंबर, पोळा
सकाळची धुळ्याची एस.टी. कवटी टॉवेलात, मांडीवर. शिंग शेजारच्या बाईंना दोनदा लागले. आज आबा मला काय म्हणतील?

११ सप्टेंबर
लिहावेसे वाटत नाही.
काल बैल मिरवून झाल्यावर अर्धे गाव आबांच्या ओसरीवर. मी टॉवेल काढला. आधी कोणीतरी खोकल्यासारखे केले, मग सगळे हसले. सौ.ने पदर तोंडाला लावला. आबा हसले नाहीत. म्हणाले, "बैलले वरना पुढना दात राहतस का, जवाईबापू? हाऊ कोन शे? मन्हा मोती कोठे शे?"
बैलाला वरचे पुढचे दात नसतातच म्हणे. शेंबड्या पोरालाही माहीत. आता कवटी बदलली म्हणावे तर मी लबाड, आणि माहीत नव्हते म्हणावे तर शेतकऱ्याचा बारा वर्षे जुना जावई. पहिले सोपे होते. पण आबांचे डोळे भरून आले होते. सांगून टाकले. गटार, अंगठी, जीवराम, सगळे.
आबांनी पक्कड मागवली. आठही दात एकेक करून उपटले, माझ्या तळहातावर ठेवले. मग स्वतःचे बोळके उघडून दाखवले. "बैलले दात करात, सासरानं तोंड नही दखायनं का तुमले?" आता तेही हसत होते, उपरण्याने डोळे पुसत.
आज सकाळी मोतीला त्याच जागी परत पुरले. माती मीच लोटली. कवटी काय सुंदर पांढरी झाली होती! एकानेही तसे म्हटले नाही.