थोरलीचं झाकण

तीर्थस्वरूप मामांच्या दोन्ही पायांना (उजव्याला जरा जपून, नव्या गुडघ्याची अजून आमच्याशी ओळख नाही) बारकीचा नमस्कार.

तुमची खुशाली ताईकडून कळते. जिना चढता, जेवता, पेपर वाचता, फक्त बोलत नाही. आपला बुलडोझर, म्हणजे थोरली, सतत बंद पडतेय, काय करायचं, असं धाकट्या मामांनी फोनवर विचारलं, तर तुम्ही ‘विका’ एवढंच म्हणालात आणि फोन ताईच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र. तेही न वाचता ताईच्या हातात दिलंत, तर ती मोठ्याने वाचून दाखवणार आहे, तसं आमचं ठरलंय. इकडे सगळं ठीक. मामीचं ब्लडप्रेशर गोळीच्या ताब्यात आहे, मामी स्वतः कुणाच्याच ताब्यात नाही. मी धडधाकट आहे, आणि (हे सांगायलाच एवढे कागद घेऊन बसलेय) थोरली विकायची नाही.

तुम्ही गुडघ्यासाठी ताईकडे गेलात, तेव्हापासून मीच तिच्यावर बसते. तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे सीटवर बसायच्या आधी तिच्या बॉनेटवर थाप मारायची सवयही तुमचीच लागलीय. धाकट्या मामांना हे सगळं खुळचटपणाचं वाटतं. त्यांना थोरलीत फक्त किलोकिलोने लोखंड दिसतं. त्यांनी अट घातली, वर्कशॉपमागची जागा हिने एका दिवसात, मधे न थांबता सपाट करून दाखवावी, नाहीतर शनिवारी भंगारवाला येईल. तो तर आधीच एकदा येऊन गेला होता. कलिंगड बघतात तसं त्याने तिच्या ब्लेडवर बोटांनी वाजवून बघितलं. मला इतका राग आला की मी त्याला चहा विचारला नाही (मामीने विचारला, ती शत्रूलाही उपाशी सोडत नाही).

दुखणं असं होतं. सकाळी थोरली एका स्टार्टरला उठायची, ब्लेड मातीत घातलं की झकास ढकलायची, आणि काम जरा रंगात आलं की तिचा दम जायचा. आवाज खाली, ताकद गुल, दोन ठसके, बंद. थोड्या वेळाने खटपट केली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. मी आधी डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले, हँडपंप मारत, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेस थांबेपर्यंत पाइपातली हवा काढली, आणि काय सांगू, लगेच सुरू. मी कॉलर ताठ करून सीटवर बसले. कॉलरची इस्त्री मोडायच्या आत थोरली बंद.

मग वेल्डरदादा आले. त्यांच्या मते जुन्या पाइपाला बारीक चीर होती आणि तिथून हवा ओढली जात होती. पाइप बदलला, जोडाचे तांब्याचे वॉशर बदलले, थोरली सुरू. वेल्डरदादांनी हात पुसले, असली दुखणी आपण आवाजावरून ओळखतो म्हणून सांगितलं आणि चहा घेतला. चहा संपायच्या आत थोरली बंद. त्यांनी उरलेला चहा उभ्याउभ्याच प्यायला. पुढे पंपवाला आला, त्याने टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा पडदा बदलला, थोरली सुरू, पंपवाला घरी पोचेपर्यंत बंद. शेवटी धाकटे मामा म्हणाले डिझेलच खराब, म्हणून सगळी टाकी उपसली. तळाला काळा गाळ निघाला आणि तुमच्या चष्म्याची एक दांडी निघाली (जिच्यावरून तुम्ही मामीशी आठवडाभर अबोला धरला होतात). पुन्हा सुरू, पुन्हा बंद. म्हणजे वर्कशॉपमधला प्रत्येक जण घटकाभर बरोबर ठरला होता आणि कुणीच मागे हटायला तयार नव्हता. मीही नव्हते. रोज उतरताना मी तिला सांगत होते, बाई, तू थकलीस तरी मी थकणार नाही.

आता जरा झाकणांबद्दल लिहिते. मामा, रागावू नका, पण तुम्ही जन्मात एक झाकण धड लावलेलं नाही. टूथपेस्ट, पेन, तेलाची बाटली, साखरेचा डबा, सगळं तुमच्यामागे उघडं. आख्खा संसार मामी तुमच्यामागून झाकणं लावत फिरली. तुमची गाडी सुटली त्या दिवशी तिने घर पालथं घालून एकूण एक झाकण आवळलं, आणि तेवढ्याने मन भरेना म्हणून पाइप-पाना घेऊन अंगणात गेली. थोरलीच्या डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली तुम्ही गुंडाळलेली ती कळकट चिंधी काढून फेकली, नवी रबरी रिंग घातली आणि झाकण असं पिळलं की पाना वाकायचा राहिला. म्हणाली, निदान एक झाकण तरी आता माझ्या मनासारखं लागलं.

तर होत असं होतं. थोरली बंद पडली की जो येईल तो आधी टाकीचं झाकण उघडून डिझेल किती आहे ते बघायचा. उघडताना आतून लांबलचक फुस्स असा आवाज यायचा, त्याकडे आम्ही ढुंकून बघितलं नाही. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामी विचारायची, झाकण लावलंस का, घट्ट लाव. वेल्डरदादा काय, पंपवाला काय, सगळे तिच्या हातचं खाल्लेले. सगळे घट्ट लावायचे.

गुरुवारी मामी ब्लडप्रेशर तपासायला गेली. खिडकी रिकामी होती. मी डिझेल बघितलं, झाकण नुसतं वर ठेवलं आणि सीटवर चढले. थोरली जी चालली ती चाललीच. शेवटी इंजिन बंद का पडत नाही हे बघायला धाकटे मामा काळजीने बाहेर आले. मी खाली उतरले, झाकण उन्हात धरलं आणि बघितलं. डिझेल कमी होईल तशी आत हवा जायला त्याला एक बारीक भोक असतं, ते पिवळ्या रंगाने बुजलेलं. तुम्ही हौसेने दिलेला रंग, दोन हात. हवा नाही म्हणून टाकी आतून आवळली जायची आणि डिझेल पुढे यायचंच बंद व्हायचं; झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत जायची आणि थोरली घटकाभर पुन्हा सुरू. तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणून तर तुम्ही झाकण सैल ठेवायचात, धूळ जाऊ नये म्हणून चिंधी गुंडाळायचात, आणि घरात झाकणाचा विषय निघाला की चप्पल घालून बाहेर जायचात. मला तुमचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

मी केसांतला आकडा काढून भोक मोकळं केलं. शुक्रवारी थोरलीने न थांबता मागची सगळी जागा ताटासारखी सपाट केली. शनिवारी भंगारवाल्याला धाकट्या मामांनी जुनी बॅटरी देऊन वाटेला लावलं. प्रकृतीला जपा, गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका.

तुमची हट्टी भाची,
बारकी

ता. क. धाकटे मामा अट हरले, पण अडून बसलेत. म्हणतात, दादा ‘विका’ म्हणालाय, दादाचा शब्द दादानेच मागे घ्यावा. फोनवर चालणार नाही. तेव्हा तुम्हाला यावंच लागेल.

ता. क. मामीला मी गुरुवारी संध्याकाळीच सगळं सांगितलं. तिने झाकण हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं. एवढंच म्हणाली, मग सांगायचं ना माणसाने.

ता. क. आज सकाळी चहा करायला गेले, तर साखरेच्या डब्याचं झाकण अर्धवट तिरकं ठेवलेलं आणि मुंग्यांची रांग ओट्यापर्यंत आलेली. मी लावायला हात पुढे केला, तर मागून मामी म्हणाली, राहू दे.