दहाची सही, अकराचं निवेदन

मंगळवार, सकाळ

ती. दादास,

नमस्कार. वहिनीचा खोकला कमी झाला का? मी ठीक आहे, म्हणजे तीनदा चहा झालाय आणि खुर्चीत बूड टिकत नाही.

मध्यवर्ती बँकेच्या बंद खोलीतून लिहितेय. व्याजदराचं निवेदन मी लिहिते, हे तुला माहीत आहेच. अकराला ते जाहीर होईपर्यंत आमचे फोन बाहेर पेटीत आणि दाराशी पहारा. त्याआधीचे काही दिवस तर घरच्यांशीही या विषयावर अवाक्षर काढायचं नाही. तुम्ही मात्र माझ्यावरूनच दर ओळखता. ठमी गप्प म्हणजे वाढणार, ठमी बडबडली म्हणजे काळजी नाही. वहिनीचा हा शोध सगळे चेष्टेवारी नेतात, असं मला वाटायचं.

परवा तू फोनवर म्हणालास, कारखान्यातल्या नव्या लेथ यंत्रासाठी बदलत्या व्याजाचं कर्ज घेतोय, मंगळवारी दहाला सही. गप्प बसले तर तुला कळेल, म्हणून हसले आणि तुमच्या मांजरीची चौकशी करत सुटले.

"चला, मिटली चिंता," तू म्हणालास. मी आणखी हसले.

दर वाढतोय, दादा. पत्र पोचेल तेव्हा तुला ते कळलेलंच असेल.

मागच्या निवेदनात आम्ही वर्षभर दर हलणार नाहीत असं सुचवलं होतं. म्हणून या वेळी मी एक वाक्य घातलं: तो अंदाज चुकला, आणि त्यावर विसंबून ज्यांनी कर्ज घेतलं त्यांना उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत. गव्हर्नरसाहेबांनी ते खोडलं. बँकेनं असा गळा काढायचा नसतो म्हणाले. मी हट्ट सोडेना.

"असं विसंबलेलं कोण भेटलंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ. आत्ता सही करत असेल."

"त्याला सांगितलंत?"

"नाही."

मग त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं.

वाक्य राहिलं आणि तुझी सहीही झाली असणार. नियम पाळल्याचा अभिमान वाटायला हवा, तो काही वाटत नाही. नुसत्या येरझारा घालतेय. फोन हातात आला की आधी तुलाच लावीन, पण माझं धड बोलणं होणार नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय. हवा तेवढा रागाव, फक्त फोन उचल.

उत्तर द्यायला बांधील,
तुझी ठमी