मंगळवारी आमच्या घरातील पत्र्याच्या डब्यावर जप्ती आणण्याबाबत

दिनांक : १३ मार्च २०२६, शुक्रवार

प्रति,
मा. उपडाकपाल साहेब,
उपडाकघर, मौजे तळणगव्हाण,
ता. जि. परभणी

अर्जदार : सौ. राजेश्री परमेश्वर गिराम, वय ३२, शिक्षण बी.ए., धंदा शिवणकाम व घरकाम, रा. मौजे तळणगव्हाण

विषय : मुलीच्या नावे करमुक्त बचत खाते उघडण्यासाठी घरातील रक्कम व कागदपत्रे आपल्या पोस्टमनमार्फत ताब्यात घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाबाहेरील व्याजदराचा फळा.
२) आपण काल दुपारी दोननंतर खिडकीतून दिलेली तोंडी समज.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्ज सादर करण्यात येतो की,

१) अर्जदाराची मुलगी कु. अपेक्षा हिचा जन्म १८ मार्च २०१६ चा आहे. मुलींसाठीचे करमुक्त खाते दहा वर्षे पूर्ण होण्याआधी उघडावे लागते. म्हणजे मंगळवार, १७ मार्च हा शेवटचा दिवस. ही अट अर्जदारास पहिल्या दिवसापासून पाठ आहे. परंतु मूल रांगत असते तेव्हा दहा वर्षे फार लांब वाटतात.

२) उशीर का झाला, हे आपण काल विचारले. मागे माणसांची रांग होती म्हणून अर्जदार बोलली नाही. अपेक्षा जन्मली तेव्हा आपल्या फळ्यावर ९.२ टक्के दर होता. अर्जदार तेव्हा बाळंतीण. सव्वा महिन्याने उंबऱ्याबाहेर पडून फळ्यापाशी आली, तोवर एप्रिल लागून दर ८.६ झाला होता. सव्वा महिन्यात सहा दशांश टक्का जाणे अर्जदाराच्या मनाला लागले. ९.२ परत आला की त्याच दिवशी खाते काढायचे, असे तिने ठरवले. त्यानंतर दर तीन महिन्यांनी ती फळा वाचून गेली. दर उतरत ७.६ वर गेला, पुन्हा ८.२ वर आला, आणि तिथेच बसला. आपल्या आधीच्या साहेबांनी पहिल्याच वर्षी सांगितले होते, "बाई, हजार रुपयांनीही खातं निघतं. काढून ठेवा, दर काय येतात न् जातात." अर्जदाराने त्यांना 'विचार करते' म्हटले. अर्जदार अर्थशास्त्र विषय घेऊन पदवीधर आहे, आणि या अर्जातले हे सर्वात लाजिरवाणे विधान आहे.

३) दरम्यान ब्लाऊज, फॉल-पिको व शाळेचे गणवेश शिवून अर्जदाराने ४६,५०० रुपये जमवले. मागच्या दिवाळीत ते कुठे ठेवावेत यावर घरात बैठक झाली. बँकेतल्या साध्या खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आला होता. पंधरा वर्षांचे भविष्य निर्वाह खाते करमुक्त, पण ७.१. मुलीचे खाते करमुक्त आणि ८.२. पदवीधर बाईने इथे तरी थांबायला नको होते. परंतु सासरे श्री. बन्सीधर गिराम (यापुढे 'मामा') म्हणाले, "पोस्ट आठ देतंय ना? मी साडेआठ देतो. अन् करमुक्त. माझ्याकडं आयकरवाला आजपस्तोर आलाय का?" मामांनी कोठीच्या खोलीतल्या भिंतीवर खडूने '८.५' लिहिले. साहेब, अर्जदाराने आयुष्यात प्रथमच दर वाढताना पाहिला. तिने रक्कम दिली.

४) रक्कम मामांनी पत्र्याच्या डब्यात ठेवली, डबा ज्वारीच्या कोठीत ठेवला, आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली. तारण म्हणून अपेक्षाचा जन्मदाखला व आधार कार्डही त्याच डब्यात घातले. तारण कर्ज घेणाऱ्याने द्यायचे असते, ठेव ठेवणाऱ्याने नाही, हे अर्जदाराने निदर्शनास आणले. मामा म्हणाले, "तू शिकलेली हायस म्हणून सांभाळून घेतो. दुसरी कुणी असती तर दोन जामीन मागितले असते."

५) पुढे सासूबाई सौ. कडूबाई यांनी मामांस नऊ टक्के देऊ केले. मामांनी तो डबा जागच्या जागी त्यांच्याकडे ठेव म्हणून वळता केला. अर्जदाराचे पती श्री. परमेश्वर यांनी आईस सव्वानऊ देऊ केले. डबा त्यांचा झाला. संक्रांतीला मामांनी मुलास साडेनऊ देऊ केले, आणि डबा पुन्हा मामांकडे आला. या चार व्यवहारांत डबा कोठीतून एक वीतही हललेला नाही. तथापि भिंतीवरील हिशेबाप्रमाणे घरात आज चार ठेवी असून एकूण १,८६,००० रुपये आहेत. डब्यात ४६,५०० आहेत. अर्जदाराने मागणी केली की मामा म्हणतात, "तुझ्या सासूनं माझं दिलं की मी तुझं देतो." सासूबाई परमेश्वरकडे बोट दाखवतात. परमेश्वर मामांकडे बोट दाखवतात. घरात भांडण अजिबात नाही. तिघेही एकमेकांच्या व्याजावर समाधानी आहेत.

६) करमुक्तीचा मुद्दाही निघाला. मामांचे म्हणणे असे : "आपल्या सात पिढ्यांत कुणाला कर बसला न्हाई. जे बसलंच न्हाई त्यातून मोकळं कामून व्हायचं?" तूर्त हे खरे आहे. परंतु खाते अपेक्षाचे आहे. ती शिकावी, स्वतःच्या पगाराची व्हावी आणि तिला चांगला सणसणीत कर बसावा, अशी अर्जदाराची मनापासून इच्छा आहे. अर्जदाराचे बी.एड. अठरा हजार रुपयांसाठी राहिले. तेव्हा अर्जदाराच्या वडिलांकडे शेत होते, बैल होते, माया होती. अर्जदाराच्या नावाचे काही नव्हते.

७) मामा नुसती किल्ली देण्यास गेल्या आठवड्यात राजी झाले. "पोरीचं नुकसान नको, हिशेब मागून बघू," असे ते म्हणाले. तेव्हापासूनची हकीकत वारानिहाय सादर आहे. बुधवारी आपल्या कार्यालयात नेट नव्हते. गुरुवारी नेट होते. अर्जदार व अपेक्षा डबा घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या, तेवढ्यात अपेक्षा शिंकली. सासूबाईंनी दोघींना परत बसवले, पाणी पाजले, डबा कोठीत टेकवला. सासूबाईंच्या शिस्तीत शिंकेनंतर डबा ज्वारीवर तासभर टेकवावा लागतो. अर्जदार खिडकीशी पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते व आपण भरणा बंद केला होता. डबा कोठीत आणि किल्ली मामांच्या करगोट्याला परत गेली. आज शुक्रवार, लक्ष्मी घराबाहेर जात नाही. उद्या शनिवार, सासूबाई शनिवारी नवे काम सुरू करू देत नाहीत. रविवारी आपण बंद. सोमवारी मामांचे दिवसभर मौन असते, आणि किल्ली मागितली असता ते हाताने जी खूण करतात ती 'घेऊन जा' व 'निघून जा' या दोन्ही अर्थांची आहे. मागे एका सोमवारी त्या खुणेवरून परमेश्वरांनी बैल विकला होता, त्यामुळे घरात आता ती कोणी मानत नाही. मंगळवारी पुन्हा लक्ष्मी बाहेर जात नाही. बुधवारी अपेक्षा दहा वर्षांची होते.

८) येणेप्रमाणे आठवड्याचे सातही वार संपले असून आठवा वार काढण्याचे अधिकार आपणास नसावेत.

९) मात्र काल संध्याकाळी भाकरी थापताना अर्जदाराने सासूबाईंना सहज विचारले, की मंगळवारी पैसा जायचाच असला तर? सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्या हातानं द्यायचं नसतं. कुणी ओढून नेलं तर त्याला वार न्हाई. गेल्या साली लांडग्यानं शेळी नेली तो मंगळवारच व्हता, काय बिघडलं?" अर्जदाराने तवा उतरवला आणि हा अर्ज लिहावयास घेतला. आपणास लांडगा म्हणण्याचा अर्जदाराचा हेतू नाही.

१०) सबब विनंती अशी की, मंगळवार दि. १७ रोजी सकाळी दहा वाजता आपले पोस्टमन श्री. पंडित यांना खाकी गणवेशात, पिशवी व शिक्क्यासह अर्जदाराच्या घरी पाठवावे. त्यांनी मोठ्या आवाजात "डबा जप्त" एवढेच म्हणावे. जप्ती हा आपल्या अधिकाराचा विषय नाही याची अर्जदारास जाणीव आहे. घरात इतर कोणास नाही. शिक्का पाहिल्यावर मामा अडवत नाहीत. पशुगणनेचे सर आले होते तेव्हा मामांनी विनाहरकत शेजाऱ्याच्याही दोन म्हशी लिहून दिल्या होत्या. पंडितकाकांना अर्जदाराने आज सकाळीच गाठून विचारले. ते म्हणाले, "बाई, बावीस वर्षं मी लोकांच्या घरी द्यायलाच गेलो. आणायला कधी गेलो न्हाई. साहेबांनी लेखी दिलं तर येतो, पण कडूआक्का मला चहा पाजल्याबिगर सोडायच्या न्हाईत, त्याचं काय करू?" चहा जरूर घ्यावा. अकराच्या आत संपवावा.

११) जप्त केलेला डबा आपल्या खिडकीवर अर्जदारासमोर ठेवावा. किल्लीची गरज नाही. डब्याची मागची बिजागरी ढिली आहे, हे अर्जदाराच्या व अपेक्षाच्या मागेच लक्षात आलेले आहे. मग इतके दिवस डबा घरीच का उघडला नाही, असे आपण विचाराल. साहेब, घरात उघडला तर ती चोरी, आणि आपल्या खिडकीवर उघडला तर तो भरणा. अर्जदारास याच घरात नांदायचे आहे. डब्यातून रक्कम, दाखला व आधार घेऊन मुलीचे खाते ८.२ टक्क्यांनी, किंवा त्या दिवशी फळ्यावर जो असेल त्या दराने, उघडावे. अर्जदार फळा वाचणार नाही. येताना ओढणीने डोळे झाकून येईल. अपेक्षा हात धरून आणणार आहे.

१२) रिकामा डबा पंडितकाकांसोबत परत पाठवावा. तो कोठीत जागेवर गेला म्हणजे घरातील चारही ठेवी पूर्ववत चालू राहतील व कोणाचेही नुकसान होणार नाही.

१३) हा अर्ज लिहीत असताना अपेक्षा शेजारी बसून वाचत होती. तिने लेखी नमूद करावयास सांगितले आहे की, "मी मंगळवारी शिंकणार न्हाई." त्यासाठी ती सोमवारपासून गार पाणी बंद करणार आहे. दहा वर्षांत या खात्यासाठी आमच्या घरातून दिलेला हा एकमेव खात्रीचा शब्द आहे, तरी तो वाया जाऊ देऊ नये, ही विनंती.

आपली, मंगळवारी अकरापर्यंत नम्र,

(सही)
सौ. राजेश्री परमेश्वर गिराम

सोबत :
१) खाते उघडण्याचा भरलेला फॉर्म. (२०१६ सालचा आहे. चालत नसल्यास नवा द्यावा, परंतु अक्षर तेव्हाचे चांगले होते.)
२) कु. अपेक्षाचे दोन फोटो.
३) कोठीच्या भिंतीवरील दरांची हस्तलिखित नक्कल. मामांनी आज सकाळी दर पाऊण टक्क्याने कमी केला आहे.
४) अर्जावर लावावयाचे पाच रुपयांचे तिकीट : जोडलेले नाही. आज शुक्रवार आहे.