जखमेचा रंग

मगांगे, ६ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

गावच्या नर्सबाईंनी, लुदिसने, पाठवलेला तुझ्या टाचेचा फोटो इथे दवाखान्यात पोचला. आता फोनच जखम मोजतो आणि रंग सांगतो. लाल म्हणजे नवे मांस येते आहे. पिवळी-काळी म्हणजे सडते आहे, मग पाय वाचवणे कठीण. तुझी जवळजवळ सगळी लाल आहे. इतक्यात बोलवायला नको, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दिवसभर लोकांचे पायच बघते. घरी आले की स्वतःचे धुवायचाही कंटाळा येतो. साखरेच्या आजाराची गोळी चुकवू नकोस. भातात नारळ कमी घाल.

माया असू दे.
नोहेमी

बोका दे पाल्मा, १२ मार्च

चि. नोहेमीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रागावतेस आणि मध्येच आवाज जातो. पत्रात निदान शेवटपर्यंत रागावता येते. नारळाशिवाय भात आजाऱ्यांना. मी आजारी नाही. लुदिस मंगळवारी येते, जखम धुते, फोटो काढते, कॉफी पिते, नवऱ्याला शिव्या घालते. फोन लाल म्हणाला की मला टाळी देते.

तू जेवत जा. तुझ्या गालफडांचा फोटो काढला तर फोन काय म्हणेल?

लोभ आहेच.
आई

बोका दे पाल्मा, १९ मार्च

नोहेमीताईंना लुदिसचा नमस्कार.

फोनवरचे तुमच्या दवाखान्यात सगळेच वाचतात, म्हणून हे कागदावर. काल तुमच्या आईकडे जरा लवकर पोचले. मावशी अंगणात बसून टाचेला लाल औषध फासत होत्या, नखे रंगवावीत तशा. ते नुसत्या धुण्याने जात नाही. मी घासायला घेतले तर मलाच बोलल्या, की शहरात फोटो जायचा तर न नटता कसा पाठवायचा. खाली पिवळे निघाले, कडेला काळे. वास मला आधीही आला होता, ताई. पण फोन लाल म्हणत होता, आणि पुढे बरीच घरे राहिली होती.

खरा फोटो पाठवला आहे. राग धरू नका.
लुदिस

मगांगे, २२ मार्च

ती. आईस सा. न.

नटायचे होते, हे मला पटत नाही. तू माझ्या लग्नातही नटली नाहीस. गुरुवारच्या लाँचने ये. टाच साफ करून बघू. नाही जमले तर घोट्याच्या वर कापावे लागेल. खोटे सांगणार नाही. मी धक्क्यावर असेन. रागवायचे त्राण उरलेले नाही.

नोहेमी

बोका दे पाल्मा, २५ मार्च

चि. नोहेमीस आशीर्वाद.

तुझे वडील याच लाँचने दोन पायांनी गेले, एका पायाने आले, आणि खाटेवरून पुन्हा उठले नाहीत. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. फोन लाल म्हणतो तोवर बोलावणे येत नाही, एवढे मला कळले होते. फोनला फसवल्याचे काही वाटत नाही. लुदिसला फसवले, त्याचे वाटते. तिला बोल लावू नकोस.

गुरुवारी येते. टाचेला काही लावलेले नाही. आज लुदिसला फोटोत दोन्ही पाय शेजारी शेजारी घ्यायला सांगितले. तिचा फोन ऐकेना. यात जखम कुठे आहे, असे विचारत राहिला. शेवटी तिने साधा फोटो काढला. तुला पाठवायला सांगितला आहे. मोजू नकोस. नुसता ठेव.

लोभ आहे तसा असू दे.
आई