तीन फुटांचा फरक

बाबा, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी येऊन बरीच वर्षं झाली. तुमच्यापाशी एक गोष्ट बोलायची राहिली आहे, आणि ती मी विसरले म्हणून राहिली असं नाही.

संस्थान मध्यभारतात विलीन झालं त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. इंदरगंजातल्या तुमच्या कचेरीवरची पाटी बदलली होती आणि आत बसलेल्यांपैकी कोण राहणार, कोण घरी जाणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कचेरी इथेच लष्कर शहरात राहते की इंदूरला जाते, याच्या रोज नव्या वावड्या उठायच्या. बाहेरून आलेले मोठे साहेब एकेका जुन्या नोकराला बोलावून छाननी करत होते. अशा वेळी तुमच्याकडे काम आलं ते नव्या रेल्वेमार्गाच्या मोजणीची आखणी करण्याचं. मोठी तुकडी पावसाळ्याच्या अखेरीस येणार. तिने मोजणीची साखळी कुठून न्यायची, नदी कुठे ओलांडायची, तंबू कुठे ठोकायचे, हे तुम्ही आधी फिरून, उंची मोजून ठरवायचं. नदी बेहडांतली, मातीच्या घळींतून वाहणारी होती, दोन्ही काठ मऊ मातीचे. जुन्या पुराची खूण तिथल्या देवळाच्या पायरीवर होती.

तुमची नजर अधू झाली होती हे घरात मला माहीत होतं. आईला तुम्ही कळू दिलं नाहीत. महाराज बाड्याच्या चौकात तुम्ही एकदा भलत्याच माणसाला वाकून नमस्कार केलात. आणखी एकाला माहीत होतं. शिंदे की छावनी मोहल्ल्यातले काका, वीस वर्षं तुमच्यासमोर आकड्यांची पट्टी धरून उभे राहणारे. तुम्ही दुर्बिणीतून बघायचात आणि ते पट्टीवर बोट सरकवत मदत करायचे, कोणाला दिसणार नाही असं. दौऱ्यावरून परतल्यावर ते तुमची पेटी पोचवायला आले आणि ओसरीवर मला हळूच म्हणाले, "बिटिया, साहेबांना आता दूरचं साफ दिसत नाही. मी तरी किती सांभाळणार? तू हिशेब जरा देखून घे." मी हो म्हटलं.

कच्च्या वहीतले आकडे पक्क्या वहीत उतरवायचं काम माझंच होतं. मी स्वयंपाकघरात पाट मांडून बसले आहे, आई भाकऱ्या थापते आहे, आणि मी बेरजा करते आहे. तुम्हीच मला शिकवलं होतं की ज्या दगडापासून निघालो त्याच दगडावर परत आलो तर उंची तीच यायला हवी. नाही आली, तर उठायचं आणि पुन्हा जायचं. लहानपणी एकदा मी आकडा रबराने पुसला तेव्हा तुम्ही वही काढून घेतली होती. "चूक झाली तर रेघ मार. चूक दिसली पाहिजे." माझ्यावर तुम्ही एवढे रागावल्याचं दुसरं काही मला आठवत नाही.

उंची तीच आली नाही. तीन फुटांचा फरक. मी तीनदा केलं, तीनदा तोच. तुमची छाननी परवावर आली होती. पुन्हा जायचं म्हणजे कारण सांगायचं, आणि कारण सांगायचं म्हणजे डोळे. एका ओळीत एक आकडा होता, चारही वाटायचा आणि सातही. पट्टी धरणाऱ्याला विचारता आलं असतं; छावनी काही लांब नव्हती. मी पक्क्या वहीत माझ्या सोयीचा आकडा घातला, बेरीज जुळली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात कच्ची वही घातली. तुम्ही कागद डोळ्यांशी नेऊन सही केलीत आणि म्हणालात, "जुळलं ना? मग झालं." तुम्हाला ठेवून घेतलं. आईने शिरा केला.

त्या आखणीत तंबूंची जागा पुराच्या खुणेहून दोन फूट वर दिसत होती. चूक दुसऱ्याच ओळीतली होती, आणि खरं तर ती जागा खुणेहून एक फूट खाली होती. भादव्यात तुकडी आली, काकाही तिच्याबरोबर होते. नदीकाठी पाऊस नव्हता, लख्ख ऊन होतं, पाऊस वर कुठेतरी झाला होता. दुपारी जेवणं चालू असताना पाणी आलं, आधी घोट्याला. माणसं उंचावर पळाली. काका तुमची दुर्बिणीची पेटी आणायला उलटे फिरले. पेटी घेऊन कमरेइतक्या पाण्यातून परत येताना त्यांना सगळ्यांनी पाहिलं, आणि मग पायाखालचा काठच ढासळला. पेटी दोन दिवसांनी सापडली. ते चौथ्या दिवशी.

चौकशीला तुम्हाला मी हात धरून नेलं. आदल्या संध्याकाळी तुम्ही विचारलं होतंत, "कच्ची वही कुठे आहे गं?" मी म्हटलं, सापडत नाही. तुम्ही माझ्याकडे तोंड वळवलंत, आणि पुन्हा विचारलं नाहीत. चूक नेमकी कोणाची, असं साहेबांनी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "मेरी. दो साल से मुझे ठीक दिखता नहीं. किसी और का इसमें कुछ नहीं."

नोकरी गेली. डोळेही पुढच्या दोन वर्षांत गेले. मार्ग त्या बाजूने कधी झालाच नाही. प्रांत पुन्हा बदलले, कागद भोपाळला गेले म्हणे. दर महिन्याला तुम्ही मला घेऊन छावनीत काकांच्या घरी जायचात. काकू तुमच्या हातात पाण्याचा लोटा द्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमचा काय दोष, साहेब? डोळे काय कोणाच्या हातचे असतात?" तुम्ही मान खाली घालायचात. मी शेजारी बसलेली असायची. काकू जाईपर्यंत मी हे त्यांनाही सांगितलं नाही.

हे पत्र लिहून झालं की मी ते फाडणार आहे, मुलांच्या हाती नको लागायला. एवढंच लिहून ठेवते. साहेबांसमोर तुम्ही "मेरी" म्हणालात, तेव्हा माझी बोटं तुमच्या कोपरावर होती. तुम्ही त्यावर हात ठेवलात, पोर घाबरली असं वाटून. बाबा, त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं.