चेहऱ्याचा कॅमेरा

मंगळवार, संध्याकाळ

उद्या कळंबोलीचा माणूस ह्यांच्या दोन जुन्या कॅमेऱ्यांतला एक विकत घेऊन जाणार. कुठला द्यायचा? जड कॅमेरा पटापट फोटो काढतो, कर्नाळ्याच्या पक्ष्यांसाठी घेतलेला. छोटा मंद आहे, पण चेहरा काढावा तर त्यानंच. लग्नातल्या सगळ्या नवऱ्या त्याच्यावर काढल्या.

अर्धांगाचा दुसरा झटका आल्यापासून ह्यांचा हात थरथरतो. तरी म्हणतात, "जड ठेव. मी पुन्हा पक्षी काढायला जाणार हाय."

"चहाचा कप धरवत नाय तुम्हाला, तो धोंडा काय धरणार?" मी तोंडावर बोलले. नको होतं बोलायला? पण खोटं तरी किती बोलू?

मग म्हटलं, छोटा नीट चालतो का बघू. "अहो, इस्त्रीचा निळा शर्ट घाला, फोटो काढते." बटणं मीच लावली. खुर्चीत बसून ह्यांनी थरथरता हात मांडीखाली दाबला आणि हसले. "भिंतीवर लावायला का गं?"

"गप बसा," म्हटलं. दुसरं काय सांगणार? तेच तर मनात होतं.

फोटो चांगला आला. हात दिसत नाही. बघून हे म्हणाले, "जड देऊन टाक."

सकाळपासून मी हेच म्हणत होते. पण ह्यांच्या तोंडून ऐकायला नको होतं.